दोन मिनिटं दहा सेकंदांवरचा आवाज

मी काही साउंड इंजिनियर नाही. वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्त झालो, जळगावला मेहरूणमध्ये राहायला आलो, आणि पहिल्याच महिन्यात माझी बायको मोहिनी म्हणाली, "दिवसभर माझ्यामागे स्वयंपाकघरात फिरू नका. काहीतरी नाद लावून घ्या." तो नाद आवाजाचा लागला. लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, खरखर काढायची. कोणाच्या कॉम्प्युटरवर गाणी डब्यात वाजल्यासारखी येत असली तर जाऊन नीट करून द्यायची. चहा प्यायचा आणि घरी यायचं. एवढंच.

मागच्या मे महिन्यात पुण्याहून कामिनी नावाच्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिला कोणीतरी दिला होता.

"काका, असोद्याला माझी आजी एकटी असते. माझा कॉलेजातला कॉम्प्युटर तिच्याकडेच आहे. त्यावर तिच्याच गाण्याचं एक रेकॉर्डिंग आहे. त्याचा आवाज जरा सुधारून द्याल का?"

"देईन की. त्यात काय मोठंसं!"

मग म्हणाली, "काका, आजी काही बोलली तर हसू नका, बरं का."

मी मुद्दाम दुपारी गेलो. आवाजाचं काम करायचं तर बाहेर शांतता लागते, आणि मे महिन्यातल्या दुपारी बारा ते चार आपल्याकडे जेवढी शांतता असते तेवढी मध्यरात्रीसुद्धा नसते. पारा पंचेचाळीसवर होता. स्कूटरवर डोक्याला उपरणं गुंडाळून असोदा रोडला लागलो तर रस्त्यावर मी एकटाच. गावात शिरलो तर दारं लोटलेली, खिडक्यांना ओली पोती लावलेली. कुत्रीसुद्धा नाल्यातल्या चिखलात बसलेली.

कामिनीची आजी, बेबाबाई, दारातच उभी होती. सत्तरीची, किडकिडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मी गाडी लावायच्या आतच तिनं विचारलं, "पितांबरभाऊ ना? या, या. कवापासून वाट पाह्यते मी."

दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचा रुमाल. कोपऱ्यात कूलर घरघरत होता. मी बसलो आणि तिला म्हटलं, "अक्का, आधी मला तुम्हीच सांगा. आवाज कसा पाहिजे तुम्हाला? मोठा, का स्वच्छ?"

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"भाऊ, माह्या गान्याचं काही नही. गानं मले पाठच आहे. त्याच्यामांगं एक आवाज आहे. तो काय म्हनते, तेव्हढं मले आयकू द्या."

मग तिनं सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी कामिनीला कॉलेजात बायकांची गाणी गोळा करायचं काम होतं. तिनं याच खोलीत, उन्हाळ्यात, आजी पापड लाटत असताना माइक लावून गाणं भरून घेतलं. आजोबा, तोताराम आबा, त्या भिंतीजवळ खाटेवर होते. त्यांना चौदा महिने आधी लकवा झाला होता. उजवी बाजू गेली होती, आणि वाचाही. चौदा महिन्यांत आबांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. रेकॉर्डिंग झालं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

"दिवस झाल्यावर पोरीनं मले गानं आयकवलं," बेबाबाई म्हणाली. "त्याच्यात मधातच एक आवाज येते. घोगरा. ते बोल्ले, भाऊ. चौदा महिन्यानं ते बोल्ले, अन् मी आपली गातच राह्यली. आयकलं नही मी."

"घरचे काय म्हणतात?"

"सगये म्हनता, खाट वाजली. कोनी म्हने, म्हैस हंबरली." तिनं मान हलवली. "पानी मांगत असतीन का? कुठी दुखत व्हतं का? मले हाक मारली का? सात वर्षं झाले, मी हेच इचारत बसते. तधीपासून गानं नही म्हटलं मी. तोंड उघडलं का वाटते, पुन्हा कोनाचं तरी आयकायचं राहून जाईन."

मी हसलो नाही. मी फॅक्टरीत होतो तेव्हा माझी आई गेली. शेवटी ती काय म्हणाली हे मला भावानं सांगितलेलं आहे, मी ऐकलेलं नाही.

"कूलर बंद करावा लागेल," मी म्हटलं.

तिनं उठून बटण दाबलं. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. उकाडा अंगावर आला.

आधी आहे तसं वाजवून पाहिलं. छोटे प्लॅस्टिकचे स्पीकर, आणि कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बेस चढवून ठेवलेला. बेबाबाईचा तरुण वाटणारा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता:

पापड लाटता लाटता, ऊन चढलं दारात,
माह्या माहेराची वाट, माह्या हाताच्या रेषात...

दोन मिनिटं दहा सेकंदांवर तिनं बोट वर केलं. "हे!"

घर्रर. बस, एवढंच. खाट असेल, म्हैस असेल, काहीही असेल.

मी कामाला लागलो. बेस काढला. आवाज सुधारण्याच्या नावाखाली विंडोजनं स्वतःहून चढवलेली सगळी कलाकुसर बंद केली. मग पेनड्राइव्हवरून माझा नेहमीचा म्युझिक प्लेयर टाकला. हा प्लेयर गाणं विंडोजच्या मिक्सरमधून न नेता थेट साउंड कार्डाला देतो. बेबाबाईनं विचारलं, "म्हंजे काय करता?" तर मी सांगितलं, "अक्का, पाटाचं पाणी दहा जणांच्या शेतातून येतं, वाटेत गढूळ होतं. आपण विहिरीपासून थेट पाइप टाकला." तिला ते लगेच पटलं. आणि हेही सांगितलं की, प्लेयर स्वतःचं काही घालत नाही. जे भरलेलं आहे तेवढंच येईल.

माझ्याकडचे दोन मोठे हेडफोन एकाच तारेला जोडून आम्ही दोघांनी कानांवर चढवले. मी प्ले दाबलं.

आता लाटण्याखाली पोळपाट सरकलेला ऐकू येत होता. बांगड्या वेगळ्या, लाटणं वेगळं. दोन मिनिटं दहा सेकंद. खाट करकरली. आणि करकरीच्या मागून, जड जिभेनं, एक शब्द आला.

"बेबा..."

बेबाबाईनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

"म्हैस नव्हती ना भाऊ?"

"नाही अक्का. म्हैस नव्हती."

"मी एकटीच असली तधीच मले बेबा म्हनत. चारचौघांत कधी नही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुढे काय म्हनता? पुढे आहे काहीतरी."

पुढे होतं, पण पुसट. मग माझ्या लक्षात आलं, आम्ही ऐकत होतो ती फाइल व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली, दाबून लहान केलेली होती. मी कामिनीच्या कॉलेजच्या फोल्डरमध्ये शोधलं. मूळ रेकॉर्डिंग तिथंच पडलेलं होतं. चार मिनिटं सहा सेकंद. सात वर्षांत कोणी हात न लावलेलं. तेच प्लेयरला दिलं.

आता जे ऐकू आलं ते सांगताना अजून माझ्या मानेवर काटा येतो. आवाज इतका उघडला होता की ती खोली कानात उभी राहिली. भिंतीजवळची खाट डावीकडे, बेबाबाई समोर, चटईवर पापड वाळल्याची बारीक कुरकुर. खाटेवर कोणीतरी श्वास घेत होतं. दोन मिनिटं दहा सेकंद.

"बेबा... दार लोट. झळ येते."

मी वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. मी आल्यापासून ते तसंच राहिलं होतं, आणि बाहेरची गरम हवा थेट आमच्या तोंडावर येत होती. बेबाबाई उठली, हेडफोन काढून ठेवले, आणि दार लोटून परत येऊन बसली. काही विशेष झालंच नाही, अशी.

"त्या दिवशीही दार उघडं असेल," मी म्हटलं.

"त्या दिवशी दार बंद व्हतं. वाऱ्यानं पापड उडतात म्हनून मीच कडी लावेल व्हती."

मी पुन्हा त्याच जागी नेलं. ऐकण्यात चूक होते. एकदा मनानं शब्द धरला की कान तोच शब्द ऐकतात, हे मला माहीत आहे. पुन्हा बांगड्या, पुन्हा खाट. श्वास मात्र या वेळी जरा जवळ आला होता. दोन मिनिटं दहा सेकंद.

"बेबा... पाव्हना केव्हाचा बसला. पानी दे त्याले."

मी हेडफोन ओढून काढले.

बेबाबाईनं जीभ चावली. "खरंच व माय! भाऊ, मी तुम्हाले पानीसुद्धा नही इचारलं!" ती लगबगीनं आत गेली. आतून माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि तिचं पुटपुटणं: "सात वर्षं झाले तरी बोलनं खातेच मी त्यायचं..."

मी स्क्रीनकडे पाहत बसलो. फाइल बदलली होती का? नाही. तारीख सात वर्षांपूर्वीची, आकार तोच, वेळ तीच, चार मिनिटं सहा सेकंद. माझ्या घशाला खरोखरच कोरड पडली होती. आणि खोलीत एक वास यायला लागला होता. कडवट, तिळाचा, औषधी.

ती तांब्या-फुलपात्र घेऊन आली. मी दोन फुलपात्रं घटाघट प्यायलो.

"अक्का... वास कसला येतोय?"

तिनं हवेत नाक वर केलं. "मालिशचं तेल. रोज दोनदा लावत व्हती मी त्यायले." ती इतक्या मायेनं म्हणाली की मला विचारायला धीर झाला नाही. तरी विचारलं.

"बाटली आहे का अजून घरात?"

"नही. बाटल्या, गादी, खाट, सगयं तेराव्यालेच देऊन टाकलं."

मी उठलो. खरं सांगतो, मला जायचं होतं. प्लेयर काढून टाकावा, कॉम्प्युटरवर रुमाल घालावा आणि उन्हात जावं. तिनं माझा हात धरला. सुरकुतलेला, कोरडा, गरम हात.

"भाऊ, घाबरू नका. ते माह्याशी कधी मोठ्यानं बोल्ले नही, तुम्हाले काय करतीन? एकडाव लावा. मले एक इचारायचं आहे. मग जा."

"विचारायचं? अक्का, ते रेकॉर्डिंग आहे..."

"मले माहीत आहे."

मी तिच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवले. माउस तिच्या हाताखाली दिला. माझे हेडफोन तारेतून काढले, कारण ते दोघांचं बोलणं होतं. प्ले दाबलं आणि दार मागे लोटून बाहेर ओसरीवर येऊन बसलो.

ऊन पांढरं पडलं होतं. समोरच्या केळीच्या बागेत पान हलत नव्हतं. चार मिनिटं होऊन गेली. दहा झाली. ती पुन्हा पुन्हा लावून ऐकत असेल, असं मनाला सांगत होतो. वीस झाली. आतून तिचं बोलणं येत होतं. हळू, तुटक. एक वाक्य, मग शांतता. मग "हं". मग मध्येच ती खुदकन हसली.

मी खिडकीच्या पोत्याची कड बाजूला केली.

ती स्क्रीनकडे पाठ करून, भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. तिच्यामागे स्क्रीन मला स्पष्ट दिसत होता. गाणं संपलेलं होतं. पट्टी शेवटाला जाऊन थांबलेली, वेळ चार-सहावर गोठलेली. काहीच वाजत नव्हतं.

आत जाऊन तिला सांगावं म्हणून मी पोत्याची कड हातात धरूनच एक पाय दाराकडे टाकला. तेवढ्यात ती गप्प झाली आणि मान किंचित कलती करून थांबली. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायची माणूस वाट पाहतो, तशी. मग तिनं मान डोलावली. आणि त्या रिकाम्या कोपऱ्यातून, हेडफोनमधून नव्हे, खोलीतून, सुंभाच्या खाटेवर कोणी कूस बदलावी तशी करकर आली.

मी पाय मागे घेतला. ओसरीच्या टोकाला, भर उन्हात जाऊन उभा राहिलो. तळवे भाजत होते, तरी सावलीत गेलो नाही.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. बेबाबाईच्या चेहऱ्यावर मघाचा तो ताण नव्हता. डोळे सुजलेले होते, पण ती ताजी दिसत होती, झोप काढून उठल्यासारखी.

"झालं भाऊ."

"कळलं?"

"कयलं." ती उंबऱ्यावर बसली. "मी म्हटलं, त्या दिवशी पानी मांगत व्हते का हो? तर म्हने, नही. म्हटलं, दुखत व्हतं? म्हने, नही. मंग काय म्हनत व्हते? एवढा जोर करून?" ती माझ्याकडे वळली. "तुमची आन भाऊ, काय म्हनाले माहीत आहे का? म्हने, तू चौथ्या कडव्याआधी दम खाल्ला. मले वाटलं, थांबली. म्हनून म्हटलं, बेबा, थांबू नको. गात राह्य."

ती पदर तोंडाशी धरून हसत होती, रडत होती.

"अन् मी सात वर्षं थांबली," ती म्हणाली. "चांगलीच बोलनी बसली मले."

मी आत जाऊन हेडफोन गुंडाळले, खिशात फोन टाकला. तिला प्लेयर कसा लावायचा हे दाखवू लागलो तर म्हणाली, "राहू द्या. आता काढून टाकला तरी चालते. त्यायलेही आराम पाहिजे. रोज रोज उठवायचं बरं नही." मी प्लेयर काढला, आवाज पहिल्यासारखा विहिरीतला करून ठेवला. तेलाचा वास गेला होता. तिनं मला चहा पाजला, केळीच्या वेफर्सची मोठी पिशवी दिली, आणि मी गाडीला किक मारत असताना आतून तिचा आवाज आला. कच्चा, सात वर्षं न वापरलेला, पण सुरात. ती गात होती.

घरी येईपर्यंत माझी भीती बरीचशी उतरली होती. उलट छातीत काहीतरी ऊबदार होतं. ही गोष्ट मोहिनीला कशी सांगायची, याची मी वाटेत जुळवाजुळव करत आलो. ती दारातच भेटली. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "उशीर झाला. पण मी काळजी केली नाही. फोन आला होता ना."

"कोणाचा?"

"तुमच्याच फोनवरून. अडीचच्या सुमाराला. म्हातारेसे गृहस्थ होते, असोद्याचे. म्हणाले, पितांबर इथं आहे, ऊन फार आहे, जरा उतरलं की पाठवतो, काळजी करू नका. फार चांगलं बोलले हो. आणि आवाज काय स्वच्छ! तुमचा फोन कधी एवढा स्वच्छ येत नाही. मला वाटलं, घरातच कोणी बोलतंय."

अडीचला मी ओसरीवर होतो. माझा फोन आत, कॉम्प्युटरच्या टेबलावर होता. मी तिथंच उभ्या उभ्या तो उघडून पाहिला. दोन वाजून बत्तीस मिनिटं. 'मोहिनी.' एक मिनिट अकरा सेकंद.

मोहिनीनं वेफर्स ताटलीत काढले, एक तोंडात टाकला.

"आणि हो," ती म्हणाली, "फोन ठेवताना म्हणाले, तुमच्या यजमानांचे उपकार झाले, मेहरूणला एकदा येऊन जाईन. अहो, कोण आहेत ते? कधी येणार आहेत?"